‘घराण्यात कुणाला होतं का?’

मानसोपचारतज्ज्ञांच्या खोलीत हा प्रश्न विचारला जातो तेव्हा वडील खिडकीबाहेर बघतात. आई घाईघाईने म्हणते, “नाही हो डॉक्टर, आमच्याकडे कुणालाच नाही,” आणि मग नवऱ्याकडे बघते. डॉक्टरांना माहिती हवी असते, पण ऐकणाऱ्याच्या कानावर आरोप पडतो. आमच्या घरातल्या एका मुलाला स्किझोफ्रेनिया झाला तेव्हा आम्हीही असेच गप्प बसलो होतो. आजीचा एक भाऊ ‘घर सोडून गेला’ एवढंच आम्हाला ठाऊक होतं. तो का गेला, हे त्या दिवसापर्यंत कुणी उच्चारलं नव्हतं. तेव्हापासून या प्रश्नामागचं शास्त्र मी मिळेल तिथून वाचत आले आहे. शंभर वर्षांचा हा प्रवास लाज वाटावी असा आहे आणि तरीही दिलासा देणारा आहे. म्हणून तो सांगावासा वाटतो.

सुरुवात १९१६ सालच्या म्युनिकमध्ये होते. अर्न्स्ट रूडिन या मानसोपचारतज्ज्ञांनी सातशेच्या आसपास रुग्णांची कुटुंबं घेतली आणि त्यांची भावंडं मोजली. आजाराला तेव्हा ‘डिमेन्शिया प्रीकॉक्स’ म्हणत. हे नाव रूढ केलं ते एमिल क्रेपेलिन यांनी, आणि १९०८ मध्ये ऑयगेन ब्लॉयलर यांनी त्याला ‘स्किझोफ्रेनिया’ म्हणायला सुरुवात केली होती. मेंडेलच्या वाटाण्यांसारखा ठरावीक हिशेब निघेल अशी रूडिन यांची आशा होती. भावंडांमध्ये हा आजार इतरांपेक्षा जास्त सापडला खरा, पण हिशेब काही जुळला नाही. हे काम एखाद्या जनुकाचं नाही, ही गोष्ट त्यांच्या आकड्यांनीच सांगितली होती.

ती ऐकली गेली नाही. १४ जुलै १९३३ रोजी जर्मनीत सक्तीच्या नसबंदीचा कायदा मंजूर झाला. ‘आनुवंशिक रोग्यांची संतती रोखण्यासाठी’ असं त्याचं नाव होतं, यादीत स्किझोफ्रेनिया होता, आणि कायद्यावरचं अधिकृत भाष्य लिहिणाऱ्यांत रूडिन होते. सुमारे चार लाख माणसांची नसबंदी झाली. पुढे त्याहून भयंकर घडलं. १९४० ते ऑगस्ट १९४१ या काळात हाडामार, ग्राफेनेक, हार्टहाइम यांसारख्या सहा ठिकाणी सत्तर हजारांहून अधिक मनोरुग्ण आणि अपंग विषारी वायूने मारले गेले. ही नाझी राजवटीच्या स्वतःच्या दप्तरातली नोंद आहे. त्यानंतरही इस्पितळांमध्ये उपासमारीने आणि औषधांच्या अतिमात्रेने बळी घेणं चालू राहिलं.

या हिशेबाचा शेवट फार थोड्यांना ठाऊक आहे. २०१० मध्ये फुलर टॉरी आणि रॉबर्ट योल्कन यांनी जुन्या नोंदी तपासल्या. त्यांच्या अंदाजाप्रमाणे जर्मनीतल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांपैकी तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक लोकांची नसबंदी तरी झाली होती किंवा ते मारले तरी गेले होते. आजार रक्तातून वाहतो आणि रक्त तोडलं की संपतो, हा सिद्धांत खरा असता तर पुढच्या पिढीत तो जवळजवळ दिसायलाच नको होता. दुसऱ्या महायुद्धानंतर रुग्णांची एकूण संख्या कमी होती, कारण माणसंच उरली नव्हती. नव्याने आजारी पडणाऱ्यांचं प्रमाण मात्र कमी झालेलं नव्हतं, उलट ते अपेक्षेपेक्षा जास्त भरलं. लाखो माणसांचा बळी घेऊन त्या सिद्धांताच्या हाती काहीही लागलं नाही.

युद्धानंतर ‘आनुवंशिकता’ हा शब्द अमेरिकेत कुणी सहज उच्चारेना. दोष कुठे तरी ठेवायचा होता, तो आईच्या पदरात टाकला गेला. फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी १९४८ मध्ये ‘स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई’ अशा अर्थाचा शब्द वापरला आणि तो एक पिढीभर टिकला. आई थंड आहे, आई हेकट आहे, आई दुटप्पी बोलते, म्हणून मूल बिघडलं, असं म्हटलं जाऊ लागलं. कोलोरॅडोतल्या गॅल्विन कुटुंबात बारा मुलांपैकी सहांना हा आजार झाला. रॉबर्ट कोल्कर यांनी २०२० मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिलं आहे. त्या आईला मुलांच्या आजारपणाबरोबर तज्ज्ञांनी ठेवलेला ठपकाही सोसावा लागला. आपल्याकडे ‘करणी’, ‘बाहेरचं’, ‘लग्न लावून द्या म्हणजे सुधारेल’ असं चाललेलं होतं आणि सून आजारी पडली तर तिच्या माहेराचा उद्धार होत होता. शब्द वेगळे होते, पण बोट नेहमी एखाद्या बाईकडेच वळत होतं.

हे बोट खाली आणणाऱ्या माणसाचं नाव लेनर्ड हेस्टन. ऑरेगन राज्यातल्या सरकारी मनोरुग्णालयांत ज्या रुग्ण स्त्रियांची बाळंतपणं झाली होती त्यांची बाळं, रुग्णालयाच्या नियमानुसार, जन्मानंतर तीन दिवसांच्या आत आईपासून दूर नेली गेली होती. हेस्टन यांनी अशी ४७ मुलं मोठी झाल्यावर शोधून काढली. जोडीला ५० अशी माणसं घेतली, जी तशीच आईविना वाढली होती पण जिच्या पोटी जन्मली ती आई आजारी नव्हती. शोधायला त्यांनी किती दारं ठोठावली असतील! त्यांचा निबंध १९६६ मध्ये आला. ४७ पैकी पाच जणांना स्किझोफ्रेनिया झाला होता, पन्नासांपैकी एकालाही नाही. या पाच जणांना आईने वाढवलंच नव्हतं, मग तिच्या वागण्याचा दोष कसला? दोन वर्षांनी सेमूर केटी, डेव्हिड रोझेन्थाल आणि पॉल वेंडर यांनी डेन्मार्कमधल्या दत्तकविधानाच्या नोंदींतून तसंच चित्र दाखवलं.

हेस्टन यांच्या निबंधातली आणखी एक नोंद मला विसरता येत नाही. आजारी मातांच्या ज्या मुलांना काहीच त्रास नव्हता, त्यांतली बरीच इतरांपेक्षा मनमोकळी होती आणि त्यांची आयुष्यं जास्त रंगीत होती. या निरीक्षणावर त्यांनी मोठा सिद्धांत उभारला नाही, पण ते लिहून ठेवलं. सत्तेचाळीसांत पाच आजारी निघाले, हे वाचताना उरलेल्या बेचाळीसांकडे बघायचं असतं.

जुळ्यांनी पुढचं सांगितलं. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात १९४८ पासून जुळ्यांची नोंद ठेवली जात होती. तिच्या आधारे अर्व्हिंग गॉट्समन आणि जेम्स शील्ड्स यांनी १९६७ मध्ये मांडलं की स्किझोफ्रेनियामागे अनेक जनुकं आहेत, प्रत्येकाचा वाटा थोडासा आहे, आणि सगळ्यांची बेरीज एका उंबरठ्यापलीकडे गेली की आजार दिसतो. हुबेहूब जुळ्यांपैकी एकाला आजार असेल तर दुसऱ्याला तो होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास असते. जनुकं तीच असूनही निम्मी जुळी वाचतात. पुढे, १९८९ मध्ये, गॉट्समन आणि बर्टेल्सन यांनी डेन्मार्कच्या जुळ्यांवरून दाखवलं की न आजारलेल्या जुळ्याच्या मुलांनाही धोका तेवढाच असतो. त्याने धोका वाहून नेलेला असतो, त्याच्या स्वतःच्या बाबतीत मात्र तो उंबरठ्याआतच थांबलेला असतो.

मग उत्क्रांतीचा प्रश्न आला. आजारी माणसाला मुलं कमी होतात, तर नैसर्गिक निवडीच्या चाळणीतून ही जनुकं गळून का पडली नाहीत? १९६४ मध्ये ज्युलियन हक्सली, अर्न्स्ट मायर, हम्फ्री ऑस्मंड आणि एब्रम हॉफर यांनी उत्तर सुचवलं: सिकल सेल या रक्ताच्या आजाराच्या जनुकासारखाच काही छुपा फायदा असेल, रोगाशी झुंजण्याची ताकद वगैरे. पुढे या फायद्याच्या जागी प्रतिभा आली. वेड आणि प्रतिभा यांची सांगड लोकांना फार आवडते. मला ती क्रूर वाटते, कारण ज्याच्या घरात औषधाच्या गोळीवरून रोज भांडण होतं त्याला त्या प्रतिभेचा काय उपयोग?

आकडेही या कल्पनेच्या बाजूने फारसे उभे राहिले नाहीत. स्वीडनमधल्या तेवीस लाख लोकांच्या नोंदी तपासणारा निबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्किझोफ्रेनिया असलेल्या पुरुषांना इतरांच्या तुलनेत चौथा हिस्साही मुलं नव्हती, स्त्रियांना निम्म्याहून किंचित कमी होती. भावंडांना जास्त मुलं होऊन ती तूट भरून निघते का, हेही पाहिलं गेलं. बहिणींना थोडी जास्त होती, पण तूट भरेल इतकी नाही. मॅथ्यू केलर आणि जेफ्री मिलर यांनी २००६ मध्येच वेगळी वाट सुचवली होती, आणि आज ती सर्वांत पटणारी वाटते. मेंदू घडवायला इतकी जनुकं राबतात की त्यांतल्या कुठल्याही एकात चूक होऊ शकते. प्रत्येक बाळ काही डझन नवे जनुकीय बदल घेऊन जन्माला येतं. आइसलंडमधल्या २०१२ च्या अभ्यासाप्रमाणे बापाच्या वयाच्या प्रत्येक वर्षागणिक त्यांत सुमारे दोन बदलांची भर पडते. चाळणी सतत चाळत असते आणि वरून सतत नवा कोंडा पडत असतो. ठळक अपाय करणारे बदल लवकर गळतात, बारीकसारीक मात्र पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांत पसरून राहतात.

जनुक शोधण्याची मधल्या काळातली घाई थोडक्यात सांगते. १९८७ मध्ये आमिश कुटुंबांत उन्माद-नैराश्याचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर ‘सापडलं’, १९८८ मध्ये स्किझोफ्रेनियाचं पाचव्यावर. दोन्ही दावे टिकले नाहीत. २००३ मध्ये सेरोटोनिनशी संबंधित एका जनुकाने नैराश्याचं कोडं सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच्यावर शेकडो निबंध निघाले. २०१९ मध्ये नैराश्यासाठी गाजलेली अठरा जनुकं मोठ्या नमुन्यांवर तपासली गेली, तेव्हा एकाचाही दावा टिकला नाही. एका ठिकाणी दोष दाखवता यावा ही ओढ रूडिन यांच्याबरोबर संपलेली नव्हती.

खरं उत्तर आलं ते अनेक देशांनी आपले नमुने एकत्र केल्यावर. २०१४ मध्ये स्किझोफ्रेनियाशी जोडलेल्या १०८ जागा जनुकसंचात मिळाल्या. २०२२ मध्ये ७६,७५५ रुग्णांच्या तपासणीतून त्या २८७ झाल्या. प्रत्येक जागेचा परिणाम नगण्य असतो. २२ व्या गुणसूत्राचा तुकडा गळण्यासारखे मोठे धोके विरळ. बाकीचे बदल माझ्यात आहेत, तुमच्यात आहेत, स्थळ बघायला आलेल्या पाहुण्यांतही आहेत. स्किझोफ्रेनिया, उन्माद-नैराश्य आणि नैराश्य यांची जनुकं एकमेकांत मिसळलेली निघाली, आणि चिंतातुर स्वभावाची जनुकं नैराश्याशी. ‘स्वभावाला औषध नाही’ असं आपण म्हणतो. २०१५ मध्ये पन्नास वर्षांतले जुळ्यांचे अभ्यास एकत्र केले, तेव्हा माणसा-माणसांतल्या फरकांचा सरासरी निम्मा वाटा जनुकांचा निघाला. उरलेला निम्मा परिस्थितीचा आणि योगायोगाचा.

या संशोधनातले बहुतेक नमुने युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत. चेन्नईच्या ‘स्कार्फ’ संस्थेच्या सहभागाने झालेला भारतीय रुग्णांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, पण आपल्या रक्ताचा हिशेब अजून फार थोडा लिहिला गेला आहे. घरच्यांना बोलतं करण्याचं काम मात्र आपल्याकडे झालं. कॅनडात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजाराबद्दल उघडपणे बोलायला सुरुवात केली आणि पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा चित्रपट २००४ मध्ये आला. त्यातल्या आजारी शेषच्या बहिणीत किती घरांनी स्वतःला पाहिलं असेल!

आजही मुलीचं लग्न ठरताना तिच्या भावाचा आजार लपवला जातो. म्हणून आकडे सांगते. सर्वसाधारण माणसाला आयुष्यात हा आजार होण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास असते. भावंडाला असेल तर ती शंभरात नऊच्या आसपास जाते, म्हणजे शंभरांतल्या नव्वदांहून अधिक जणांना तो होत नाही. आणि ज्यांना होतो त्यांतल्या बहुतेकांच्या आईवडिलांना तो नसतो.

तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, “घराण्यात कुणाला होतं का?” तर खरं ते सांगा. आम्ही आजीच्या भावाचं नाव आता त्या कागदावर लिहिलं आहे.