लिनक्स शिकायचंय? मग आधी बिघडवायला शिका

लिनक्स फुकट मिळतं आणि इंटरनेटवरचे बहुतांश सर्व्हर त्यावरच चालतात. खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही तोच. पण सर्व्हर सांभाळायचं काम नुसते व्हिडिओ बघून येत नाही, हात घालावा लागतो.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तसा जुना कॉम्प्युटर घरात पडून असेल तर पेनड्राइव्हवर उबंटू टाकून तो इन्स्टॉल न करता नुसता चालवून बघा. मात्र 'इरेज डिस्क' हा पर्याय निवडून इन्स्टॉल केलं, की हार्डडिस्कवरचा सातबारा, लग्नाचे फोटो, सगळं साफ! म्हणून आधी कॉपी काढून ठेवा.

आता एनजिनएक्स हा वेब सर्व्हर टाका. त्याच्या सेटिंगच्या फाइलमधला एक अर्धविराम मुद्दाम खोडा आणि सर्व्हर रीस्टार्ट करा. तो चालू होणार नाही. लगेच गुगल करू नका, 'जर्नलसीटीएल' कमांडने नोंदी वाचा. तिथे फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर दिसतो. कधी चूक त्याच्या आधीच्या ओळीत असते, तीही बघा. नोकरीतही निम्मं काम हेच: नोंद वाचायची, कारण शोधायचं.

कमांडपुढे 'सुडो' लावलं की मालकाचे हक्क मिळतात. मग चुकीची फाइल पुसतानाही कॉम्प्युटर 'नक्की का?' असं विचारेलच असं नाही.

कॉम्प्युटर नसेल तर मोबाईलवर टर्मक्स अ‍ॅप आहे. फाइल-फोल्डरच्या कमांडचा सराव त्यावर होतो, पण सर्व्हिस चालू-बंद करायची 'सिस्टिमसीटीएल' तिथे चालत नाही. त्यासाठी मित्राचा कॉम्प्युटर गाठावा लागेल, पेनड्राइव्ह सोबत घेऊन.