किमान रक्कम भरली म्हणजे कर्ज फिटलं असं नाही

ही मालिका इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळुरू, कुठून कुठून ऐकली जाते, आणि सगळीकडून एक प्रश्न हमखास येतो: "साहेब, कार्डाचं बिल दर महिन्याला वेळेवर भरतोय, तरी कर्ज हलत का नाही?" आज त्याचंच उत्तर बघू. वही-पेन जवळ घ्या. थोडी आकडेमोड आहे, पण शाळेतल्या शेकडेवारीच्या पलीकडे काही नाही.

बिल वाचायचं कसं

क्रेडिट कार्डाच्या बिलावर तीन गोष्टी ठळक असतात: एकूण देय रक्कम, किमान देय रक्कम आणि देय तारीख. आपल्याकडे बहुतेकांची नजर थेट किमान रकमेवर जाते. एक लाखाच्या बिलाखाली पाच हजारांचा आकडा दिसला की हायसं वाटतं. तो भरला की उशिराचा दंड लागत नाही, हे खरं. पण व्याज थांबत नाही.

पूर्ण बिल भरणाऱ्याला खरेदीवर बिनव्याजी दिवस मिळतात. बिलातला काही भाग मागे ठेवलात की ती सोय जाते. बाकीवर खरेदीच्या दिवसापासून व्याज धरलं जातं आणि साधारणपणे नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. म्हणजे बाकी असताना त्याच कार्डावर घेतलेला किराणासुद्धा कर्जाचा किराणा असतो. कार्डावरून एटीएममधून रोख काढली तर बिनव्याजी दिवस मुळातच नसतात, वर शुल्क वेगळं.

आता हिशेब मांडा. कार्डाचा व्याजदर महिन्याला साडेतीन टक्के धरू, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. बाकी १,००,००० रुपये. महिन्याचं व्याज ३,५०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ६३० रुपये. एकूण ४,१३०. तुम्ही भरले ५,०००. मूळ कर्ज कमी झालं फक्त ८७० रुपयांनी.

नवीन खरेदी शून्य ठेवून दर महिन्याला ५,००० भरत राहिलात तर वर्षभरात ६०,००० रुपये जातात आणि बाकी उरते सुमारे ८६,८००. पूर्ण फिटायला ४४ महिने लागतात, आणि एका लाखासाठी तुम्ही जवळजवळ २,१६,००० रुपये मोजता. हप्ता १०,००० केलात तर १४ महिन्यांत सुटका होते आणि एकूण भरणा होतो सुमारे १,३१,७००. हप्ता दुप्पट केला की मुदत तिपटीहून अधिक घटते. कर्ज का हलत नाही, याचं उत्तर या दोन ओळींत आहे.

"इतकं व्याज कायद्याने चालतं का?" असंही लोक विचारतात. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तेव्हा त्या मर्यादेच्या भरवशावर कुणी राहू नये. आपलं रक्षण आपल्या वहीतूनच होईल.

सुभेदारांचा फोन

माझ्या पलटणीतल्या एका निवृत्त सुभेदारांचा मध्यंतरी फोन आला. मुलगा हैदराबादला नोकरीला, हातात तीन कार्डं. लग्नाचा खर्च कार्डांवर गेला, पुढे तीनही कार्डांची फक्त किमान रक्कम भरणं सुरू झालं, आणि शेवटी एका कार्डावरून रोख काढून दुसऱ्याचं बिल भरण्यापर्यंत वेळ आली. दोन महिने तेही जमलं नाही. वसुलीवाल्याने मुलाला सोडून थेट वडिलांना फोन केला: "साठ टक्के भरा, विषय मिटवून टाकू." सुभेदार म्हणाले, "साहेब, आयुष्यात कुणाचा रुपया बुडवला नाही. देऊन टाकू का?"

मी म्हटलं, "सुभेदारसाहेब, थांबा. आधी मुलाला लाइनवर घ्या."

तडजोड करून कमी पैशात मिटवलेलं खातं क्रेडिट अहवालात 'सेटल्ड' म्हणून दिसतं. पूर्ण फेडलेलं खातं 'क्लोज्ड' दिसतं. या दोन शब्दांत मोठं अंतर आहे. 'सेटल्ड' म्हणजे याने पूर्ण पैसे दिले नाहीत, असा पुढच्या बँकेला निरोप. मुलाला दोन वर्षांत घर घ्यायचं होतं. आज वाचणारे चाळीस टक्के उद्या गृहकर्जाच्या दारात आडवे आले असते.

घरात वडिलांची मुदत ठेव होती, सात टक्क्यांची. एकीकडे सात टक्के मिळवायचे आणि दुसरीकडे ४२ टक्के भरायचे, हा हिशेब कुठेच बसत नाही. पण ठेव म्हातारपणाची, सगळी मोडणंही बरोबर नाही. म्हणून अर्धी मोडून सर्वांत महागडं कार्ड पूर्ण फेडलं, आणि मुलाने वडिलांना दरमहा ठराविक रक्कम परत करायची, असं वहीत लिहून दोघांनी सह्या केल्या. उरलेल्या दोन कार्डांसाठी कमी व्याजाचं कर्ज. सुभेदारांना सही घेणं जड गेलं. मी म्हटलं, "पैसे मुलाचेच आहेत असं तुम्ही समजा, पण त्याने ते तुमचे आहेत असं समजावं."

फेडण्याचा क्रम

पहिलं काम, कार्ड वापरणं थांबवा. खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेला नंबर काढून टाका. गळती चालू ठेवून टाकी भरत नाही.

दुसरं, सगळी कर्जं एका कागदावर: बाकी, व्याजदर, देय तारीख. सगळ्यांची किमान रक्कम भरायचीच, पण जादा पैसा सर्वांत जास्त व्याजाच्या कर्जावर लावायचा. फौजेत सगळ्या आघाड्यांवर थोडी थोडी कुमक पाठवत नाहीत. ते फिटलं की तीच रक्कम पुढच्यावर.

तिसरं, महाग कर्ज स्वस्त कर्जाने बदला. १६ टक्क्यांचं एक लाखाचं वैयक्तिक कर्ज एका वर्षासाठी घेतलं तर हप्ता साधारण ९,०७० रुपये आणि व्याज ९,००० च्या आत. प्रक्रिया शुल्क आणि मुदतीआधी फेडण्याचं शुल्क मात्र विचारून घ्या. आणि रिकामं झालेलं कार्ड पुन्हा भरलंत, तर एकाची दोन कर्जं होतील.

चौथं, बँक खात्यातून आपोआप भरणा लावताना 'एकूण रक्कम' निवडली आहे ना, ते तपासा. पुष्कळांकडे तिथे 'किमान रक्कम' निवडलेली सापडते.

स्कोअर म्हणजे हजेरीपट

सिबिलचा स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. सिबिल ही एकटी कंपनी नाही. एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क याही आहेत. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. स्वतःचा अहवाल बघितल्याने स्कोअर घटत नाही. वारंवार नव्या कर्जांसाठी अर्ज केल्याने घटू शकतो.

सिबिलच्या अहवालात मागच्या ३६ महिन्यांपर्यंतची तुमची हजेरी दिसते: कोणत्या महिन्यात किती दिवस उशीर. म्हणून वेळेवर भरणा सर्वांत महत्त्वाचा. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत खर्च ठेवावा, हा सर्वसाधारण सल्लाही पाळण्याजोगा. न केलेल्या कर्जाची नोंद दिसली तर लगेच लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निवारण झालं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

तुमचे हक्क

रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला, तरच दंड लावता येतो आणि थकबाकी म्हणून कळवता येतं. तुमच्या संमतीशिवाय मर्यादा वाढवता येत नाही. बाकी नसलेलं कार्ड बंद करायला सांगितल्यावर कामकाजाच्या सात दिवसांत बंद झालं नाही, तर दिवसाला ५०० रुपये बँकेने द्यायचे असतात. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर चालत नाहीत, आणि घरच्यांना त्रास देणं तर नाहीच नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

पुढच्या भागापर्यंत एवढंच करा: शेवटचं बिल काढा, त्यातलं व्याज आणि जीएसटी यांखाली रेघ ओढा, आणि तुम्ही भरलेल्या रकमेतून ते वजा करा. जे उरेल, तेवढंच तुमचं कर्ज या महिन्यात फिटलं. तो आकडा घरात जोडीदारालाही दाखवा. लपवलेलं कर्ज एकट्यालाच फेडावं लागतं.

जय हिंद.