विश्लेषण : शेतात मूर्ती सापडली, ती कुणाची, आणि संग्रहालयात पोहोचते कशी?

इस्लापूर : नांगरताना, विहीर खणताना किंवा घराचा पाया काढताना जुनी मूर्ती, नाणी सापडल्याच्या बातम्या मराठवाड्यात अधूनमधून येतात. नांदेड जिल्ह्यात कंधार, होट्टल, माहूर अशी जुनी ठिकाणे आहेत. इस्लापूरसारख्या गावाच्या शिवारातही उद्या असे काही हाती लागू शकते. मग त्या वस्तूवर हक्क कुणाचा?

कायदा काय सांगतो?
जमिनीत दडलेल्या मौल्यवान वस्तूंना १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. काय सापडले, कुठे आणि कधी, हे त्यात लिहायचे असते. चौकशीत जुना मालक निघाला नाही आणि जमीनमालकाने हक्क सांगितला, तर सर्वसाधारणपणे तीन हिस्से सापडणाऱ्याला व एक हिस्सा जमीनमालकाला मिळतो. मात्र सरकारला तो ऐवज मोबदला देऊन ताब्यात घेता येतो. माहिती लपवली तर हिस्सा जातो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

घरातील जुन्या वस्तूंचे काय?
१९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी शिल्पे, चित्रे, नाणी ‘पुरावशेष’ ठरतात. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. मूर्ती, चित्रे अशा ठरावीक प्रकारांची नोंदणी करावी लागते. विक्रीच्या व्यवसायाला परवाना लागतो. खासगी व्यक्तीला अशा वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत. राजा रविवर्मा, अमृता शेरगिल यांच्यासारख्या काही चित्रकारांच्या कलाकृती ‘कलानिधी’ म्हणून घोषित आहेत; त्यांनाही ही बंदी लागू आहे.

मराठवाड्यातले उदाहरण कोणते?
धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे सातवाहनकाळातील ‘तगर’. रोमशी व्यापार असलेले हे शहर. तेथील रामलिंगप्पा लामतुरे या व्यापाऱ्याने गावात आणि शिवारात सापडणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षे जमवल्या. मातीच्या मूर्ती, नाणी, मणी, शंखाच्या व हस्तिदंती वस्तू त्यात आहेत. हा संग्रह पुढे शासनाकडे आला आणि त्यांच्या नावाचे संग्रहालय उभे राहिले. येथील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पॉम्पेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या मूर्तीशी साम्य आहे. पॉम्पेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. त्यामुळे तेरच्या मूर्तीचा काळ आणि व्यापाराचा माग काढायला आधार मिळाला.

संग्रहालये आणखी कशा वस्तू मिळवतात?
देणगी, खरेदी, उत्खनन आणि जप्ती हे मुख्य मार्ग. साताऱ्यातील औंधचे संग्रहालय तेथील संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या संग्रहातून १९३८ मध्ये सुरू झाले. रविवर्मांच्या चित्रांबरोबर ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचे ‘माता आणि मूल’ हे शिल्पही तिथे आहे. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयाचा वीस हजारांवर वस्तूंचा संग्रह डॉ. दिनकर केळकर यांनी दारोदार फिरून जमवला व शासनाला दिला.

सगळा संग्रह पाहायला का मिळत नाही?
दालनांची जागा अपुरी असते. कागद, कापड व रंग सततच्या उजेडाने आणि दमट हवेने खराब होतात. म्हणून बऱ्याच वस्तू कोठारात ठेवतात व विषयानुसार प्रदर्शनात आणतात.

वस्तू सापडली तर काय करावे?
- खोदकाम थांबवा. वस्तू शक्यतो जागची हलवू नका.
- मोबाइलवर जागेसह फोटो काढा.
- तलाठी, तहसीलदार किंवा पोलिसांना कळवा. जिल्हाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या व पोहोच घ्या.
- मूर्ती घासून धुऊ नका, शेंदूर किंवा तेल लावू नका.

मूर्ती किती खोल होती, शेजारी कोणती खापरे, विटा होत्या, यावरून तिचा काळ ठरतो. जागेवरून हललेली मूर्ती संग्रहालयात जपता येते. तिच्याभोवतीची ही माहिती मात्र परत मिळत नाही.