औषधाच्या कणाचे माप

वैद्य चूर्ण वस्त्रगाळ करतात. फडक्याची वीण विरळ असेल तर जाडा कणही खाली उतरतो, घट्ट असेल तर वरच राहतो. कर्करोगाच्या औषधातही हाच हिशेब आहे.

गाठीतील रक्तवाहिन्यांची वीण पुष्कळदा विरळ असते. म्हणून सुमारे १०० नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाएवढा कण निरोगी भागात सहसा अडतो, पण गाठीत झिरपतो. पाच-सहा नॅनोमीटरहून बारीक कण मूत्रपिंडावाटे निघून जातो. फार मोठा कण यकृत व प्लीहा अडवतात.

मात्र सर्व गाठी सारख्या नसतात. टोकियोच्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये उंदरांवर दाखवले की, स्वादुपिंडाच्या दाट गाठीत ३० नॅनोमीटरचाच कण खोल पोचून गुण देतो.

मुंबईच्या सन फार्माचे ‘लिपोडॉक्स’ म्हणजे अशा सूक्ष्म पिशव्यांत भरलेले डॉक्सोरुबिसिन. २०१२ मध्ये अमेरिकेत तुटवडा पडला तेव्हा हा माल तिकडे गेला. औषध तेच, परंतु साध्या डॉक्सोरुबिसिनच्या जागी मिलिग्रॅमला मिलिग्रॅम धरून ते देता येत नाही.

फुलंब्रीहून संभाजीनगरला रुग्ण नेणाऱ्या बांधवांनी म्हणूनच चिठ्ठी व बाटली यांवरील पूर्ण नाव ताडून घ्यावे. स्वस्त मिळते म्हणून डॉक्टरांना न विचारता प्रकार बदलू नये.