छंदाच्या बाजारातला विश्वास : फसव्या जाहिराती कशा रोखायच्या?



आज आपण ज्या बाजाराबद्दल बोलणार आहोत, त्याला दुकान नाही, गल्ला नाही आणि पावतीही नाही. जुने कॅमेरे आणि लेन्स, शाईची पेनं, नाणी, ग्रामोफोनच्या तबकड्या, सायकलींचे सुटे भाग, अशा एकेका छंदाभोवती माणसं ऑनलाइन जमतात. आधी गप्पा होतात, मग शंका विचारल्या जातात आणि एक दिवस कुणीतरी लिहितं, 'माझ्याकडे एक लेन्स पडून आहे, कुणाला हवी आहे का?' झाला बाजार सुरू.

अनोळखी दुकानात आपण चार वेळा विचारतो, वस्तू उलटून पाहतो, बिल मागतो. छंदातला माणूस मात्र आपल्याला 'आपला' वाटतो. त्याच्याकडे पुरावा मागणं बरं दिसत नाही. ठगाला नेमकं हेच हवं असतं. आपल्याकडे म्हण आहे, 'भीड भिकेची बहीण.' ती या बाजाराला तंतोतंत लागू पडते. म्हणून आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. ठग ओळखण्याचं काम एकट्यादुकट्या सदस्यावर सोडू नका. पुरावा मागणं हा सगळ्या समूहाचा रिवाज करा, म्हणजे कुणालाच भीड वाटायची वेळ येणार नाही.

जाहिरात फसवी कशी बनते?

उदाहरण घेऊ. समजा, एक लेन्स वापरलेल्या स्थितीत साधारण २५ हजारांना मिळते. फसवी जाहिरात येते १७ हजारांची. बघा, ती ५ हजारांची नसते. ५ हजार म्हटलं की सगळेच सावध होतात. १७ हजार म्हटलं की आपणच आपली समजूत काढतो, 'बिचाऱ्याला पैशांची निकड असेल.' फोटो छान असतात, कारण ते दुसऱ्या कुणाच्या तरी जुन्या, खऱ्या जाहिरातीतून उचललेले असतात. खातं कधी कोरं करकरीत असतं, तर कधी एखाद्या जुन्या सदस्याचंच असतं, पण पासवर्ड चोरून ताब्यात घेतलेलं.

पुढच्या पायऱ्या जवळपास ठरलेल्या आहेत. पहिली, 'इथे नको, व्हॉट्सॲपवर बोलू.' म्हणजे बाकीच्या सदस्यांचे डोळे बाजूला झाले. दुसरी, 'आणखी दोघं मागे लागलेत, थोडं टोकन टाका, तुमच्यासाठी ठेवतो.' म्हणजे विचार करायला वेळ उरला नाही. तिसरी, तुम्ही शंका घेतलीत की ओळखपत्राचा फोटो येतो. आपल्या देशात तर लष्करी ओळखपत्र दाखवून 'बदली झाली आहे, सामान लवकर काढायचं आहे' ही कहाणी इतक्यांदा वापरली गेली आहे की ती आता ओळखीची झाली आहे. कार्डाच्या फोटोवरून एवढंच सिद्ध होतं की समोरच्याकडे त्या कार्डाचा फोटो आहे. तो बहुधा आधी फसलेल्या कुणाचा तरी असतो. म्हणून आपलंही आधार कार्ड असं कुणाला पाठवू नका. पुढच्या फसवणुकीत ते तुमच्या नावाने फिरेल.

विकणाराही फसतो. 'ग्राहक' क्यूआर कोड पाठवतो आणि म्हणतो, 'स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील.' यूपीआयमध्ये पिन टाकायचा असतो तो पैसे देताना. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. दुसरा प्रकार पैसे पाठवल्याच्या बनावट स्क्रीनशॉटचा. त्यावर उपाय सोपा आहे : स्क्रीनशॉट पाहू नका, आपल्या खात्यातली रक्कम पाहा.

नाणी आणि जुन्या नोटा जमवणाऱ्यांसाठी आणखी एक सापळा आहे. 'तुमच्या जुन्या नोटेला लाखो रुपये मिळतील, आधी कमिशन किंवा कर भरा,' असं रिझर्व्ह बँकेच्या नावाने सांगितलं जायचं. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं की अशा व्यवहारांशी तिचा काही संबंध नाही, ती असलं कमिशन मागत नाही आणि तसा अधिकार तिने कुणाला दिलेलाही नाही.

नुकसान फक्त एकाचं नसतं

एकाचे १७ हजार गेले, वाईट झालं, पण बाकीच्यांचं काय बिघडलं? या प्रश्नाचं उत्तर जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका निबंधात देऊन ठेवलं आहे. विषय होता जुन्या मोटारींचा बाजार. याच कामासाठी पुढे २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

त्यांचा युक्तिवाद आपल्या लेन्सवर लावून पाहू. लेन्समध्ये बुरशी आहे की नाही हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सगळ्याच लेन्सना धोका धरून कमी भाव देतो. ज्याची लेन्स खरोखर स्वच्छ आहे, त्याला तो भाव परवडत नाही. तो म्हणतो, 'राहू दे, मी विकतच नाही.' चांगला माल बाहेर गेला की उरलेल्या मालाचा दर्जा आणखी घसरतो, भावही आणखी पडतो. ॲकरलॉफ म्हणतात की अप्रामाणिकपणाची किंमत फक्त फसलेल्या रकमेएवढी नसते. प्रामाणिक व्यवहार बाजारातून हद्दपार होतो, तोही त्या किमतीत धरायला हवा. छंदाच्या समूहात तर बाजाराबरोबर माणसंही जातात. जुनी, जाणकार माणसं गप्प होतात, आणि नवख्याला शिकवणारं कुणी उरत नाही.

त्याच निबंधात भारतातल्या सावकारीचंही उदाहरण आहे. गावातला सावकार कर्जदाराला ओळखतो, बाहेरून आलेल्याला ती ओळख नसते. तो स्वस्तात कर्ज द्यायला गेला तर बुडवणारेच त्याच्या वाट्याला येण्याचा धोका असतो. जवळून मिळालेल्या माहितीला किंमत असते, हा मुद्दा लक्षात ठेवा. तो पुढे कामाला येणार आहे.

नाव कोरं असणं इतकं स्वस्त का?

ईबे १९९५ मध्ये सुरू झालं आणि १९९६ मध्ये तिथे एकमेकांबद्दल अभिप्राय लिहिण्याची सोय आली. परक्या माणसाशी व्यवहार करायचा तर त्याचा इतिहास दिसला पाहिजे, एवढीच साधी कल्पना. तिचा उपयोग होतो का? २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, जुनी पोस्टकार्डं विकणाऱ्या एका नावाजलेल्या विक्रेत्याने सारख्याच मालाचे गठ्ठे थोडे आपल्या जुन्या नावाने आणि थोडे कोऱ्या नावांनी विकले. जुन्या नावाला ग्राहकांनी सुमारे ८.१ टक्के जास्त भाव दिला. म्हणजे चांगल्या नावाला अक्षरशः पैसे मिळतात.

पण इथे एक पळवाट आहे. ऑनलाइन जगात बदनाम झालेलं नाव टाकून नवं घ्यायला दोन मिनिटं लागतात. एरिक फ्रीडमन आणि पॉल रेस्निक यांनी २००१ मध्ये नेमका हाच प्रश्न मांडला. नावं इतकी स्वस्त असतील, तर प्रत्येक नवख्याकडे थोडं संशयाने पाहण्यावाचून समूहाला गत्यंतर नसतं. नवख्याला सुरुवातीला काहीतरी किंमत मोजावी लागते, आणि त्याला ती आपण देत असलेली 'प्रवेश फी' म्हणून बघता येतं.

ही फी पैशांतच असली पाहिजे असं नाही. ती वेळेत घेता येते. नव्या सदस्याने ठरावीक दिवस समूहात राहावं, चर्चेत भाग घ्यावा, छोटे व्यवहार करावेत, मग महाग वस्तू विकायला काढावी. प्रामाणिक माणूस तसाही गप्पांसाठीच आलेला असतो, त्याला हे फारसं जड जात नाही. ठगाला दर नव्या नावामागे ते दिवस पुन्हा मोजावे लागतात, आणि तिथे त्याचं गणित बिघडतं.

चार रिवाज

आता प्रत्यक्ष काय करायचं? मी चार रिवाज सुचवतो.

पहिला, ताज्या फोटोचा. जाहिरातीत वस्तूशेजारी हाताने लिहिलेली चिठ्ठी हवी : सदस्याचं नाव आणि तारीख. रेडिटवर कीबोर्डची हौस असलेल्यांच्या बाजारात हा नियम रुळलेला आहे. उचललेल्या फोटोत अशी चिठ्ठी नसते. अर्थात, आता फोटोत चिठ्ठी घुसडणंही कठीण राहिलेलं नाही. म्हणून मोठ्या रकमेच्या वस्तूसाठी घेणाऱ्याने आयत्या वेळी एखादी मागणी करावी. 'लेन्सची रिंग फिरवतानाचा व्हिडिओ पाठवा, त्यात सिरियल नंबर दिसू द्या आणि शेजारी एक चमचा ठेवा.' ऐकायला विचित्र वाटतं, पण जोर त्या विचित्रपणातच आहे. ज्याच्या हातात वस्तू आहे त्याला हे दोन मिनिटांचं काम. ज्याच्याकडे नुसते फोटो आहेत, तो कारणं सांगू लागतो.

दुसरा, उघड्यावर बोलण्याचा. खाजगी निरोप पाठवण्याआधी जाहिरातीखाली सगळ्यांना दिसेल असं लिहायचं : 'मला ही हवी आहे, निरोप पाठवतोय.' नियम किरकोळ दिसतो, पण काम मोठं करतो. 'अमुक वस्तू हवी आहे' असं कुणी लिहिलं की ठग त्याला थेट खाजगीत गाठतात. ज्याला समूहातून काढलं आहे, तो उघड्यावर लिहूच शकत नाही. त्यामुळे 'आधी खाली लिहा' म्हटलं की तो अडकतो. शिवाय ज्याला काही माहीत आहे, त्याला सावध करायची संधी मिळते.

तिसरा, नोंदीचा. व्यवहार पूर्ण झाला की दोघांनी एका ठरलेल्या जागी तसं लिहायचं. वस्तू विकली गेली तरी जाहिरात, फोटो आणि किंमत काढून टाकायची नाही. उद्या तेच फोटो दुसऱ्या नावाने आले तर ताडून पाहता येतं. एक सावधगिरी मात्र हवी : पाचशे रुपयांचे दहा व्यवहार करून नाव कमवायचं आणि अकराव्यांदा पन्नास हजार घेऊन गायब व्हायचं, ही जुनी चाल आहे. म्हणून व्यवहार किती झाले एवढंच मोजू नका, केवढ्याचे झाले तेही पाहा.

चौथा, पैशांचा. परदेशात पेपालवर खरेदीसाठी पैसे दिले तर काही प्रमाणात संरक्षण मिळतं, पण तेच पैसे 'मित्र आणि कुटुंब' या मार्गाने पाठवले तर ते मिळत नाही. म्हणून तिथले ठग दुसऱ्या मार्गाचा आग्रह धरतात. आपल्याकडे व्यक्तीकडून व्यक्तीला यूपीआयने पाठवलेले पैसे तत्काळ पोहोचतात आणि वस्तू आली नाही म्हणून आपोआप परत येत नाहीत. म्हणून शक्य असेल तर समोरासमोर भेटा, वर्दळीच्या जागी, दिवसाउजेडी. वस्तू चालवून पाहा, मग पैसे द्या. गाव वेगळं असेल तर? सावकाराचा मुद्दा आठवा. घेणारा पुण्यात आणि विकणारा नागपुरात असेल, तर नागपुरातल्या एखाद्या जुन्या सदस्याला सांगा, 'जरा जाऊन पाहाल का?' छंदाच्या समूहाकडे गावोगावी जाणकार डोळे असतात. ही सोय कुठल्याही मोठ्या विक्रीच्या साइटकडे नाही, आणि आपण ती क्वचितच वापरतो.

प्रश्नोत्तरांतून

*एवढे नियम केले तर चांगली माणसंच कंटाळून जाणार नाहीत का?*

जाऊ शकतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला नको. दोनशे रुपयांच्या शाईच्या बाटलीला व्हिडिओ मागू नका. रकमेनुसार पायऱ्या ठेवा. मात्र जो नियम आहे तो सगळ्यांना सारखा असू द्या, ॲडमिनलाही. ज्येष्ठ सदस्य स्वतःहून चिठ्ठी ठेवून फोटो टाकू लागले की नवख्याला ती मागताना संकोच वाटत नाही. 'माझा तुमच्यावर विश्वास आहे, पण आपल्याकडे पद्धत आहे' एवढं म्हटलं की कुणाचा अपमान होत नाही.

*कुणावर संशय आला तर त्याचं नाव लगेच जाहीर करावं का?*

घाई करू नका. कुरिअर उशिरा येतं, माणूस आजारी पडतो. तक्रार पुराव्यासह ॲडमिनकडे यावी, समोरच्याला उत्तर द्यायला ठरावीक वेळ मिळावा, तोवर त्याची विक्री थांबवावी. नाहीतर चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची. आणि फसवणाऱ्याने पाठवलेलं ओळखपत्र कधीच जाहीर करू नका. त्यावरचा चेहरा बहुधा दुसऱ्याच कुणा पीडिताचा असतो.

*आणि तरीही फसलोच तर?*

ताबडतोब १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी अडवता आले तर परत मिळण्याची शक्यता असते, म्हणून इथे तास महत्त्वाचे असतात. संभाषण, नंबर, व्यवहार क्रमांक, काहीही पुसू नका. दुसऱ्याचं सोंग घेऊन ऑनलाइन फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड खाली गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

यात समूहाचंही एक काम आहे. फसलेल्या माणसाला 'एवढंही कळलं नाही का?' असं विचारू नका. एकदा असं हसू झालं की पुढचा फसलेला माणूस गप्प बसतो, आणि त्याच्या गप्प बसण्यामुळे तोच ठग त्याच फोटोंनिशी तुमच्याकडे येतो.