वार्धक्यातील एक अबोल तक्रार

साठी उलटलेल्या कितीतरी स्त्रिया एस.टी.चा लांबचा प्रवास टाळू लागतात, कीर्तनाला गेल्याच तर दाराजवळची जागा धरून बसतात, लेकीकडे मुक्कामाला जाणे काही ना काही निमित्ताने लांबणीवर टाकतात, आणि घरची मंडळी या साऱ्याचे खापर वयाच्या माथी फोडून मोकळी होतात. परंतु त्यांतील अनेकींच्या बाबतीत खरे कारण लघवीवर ताबा न राहणे हे असते, आणि ते त्या डॉक्टरला तर राहोच, पोटच्या मुलीलाही सांगत नाहीत.

खोकताना, हसताना किंवा भरलेली कळशी उचलताना लघवी निसटते ती ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बाळंतपणांनी व वयोमानाने शिथिल झाल्यामुळे. आणि एकाएकी अनावर भावना होऊन मोरी गाठण्यापूर्वीच लुगडे ओले होते ते मूत्राशय पुरते भरण्याआधीच आकुंचन पावू लागल्यामुळे. पुष्कळ जणींना हे दोन्ही प्रकार एकत्रच सोसावे लागतात.

त्यातून रात्र अधिक कठीण. तरुण वयात निद्राकाली व्हॅसोप्रेसिन नामक संप्रेरक अधिक स्रवून मूत्राची निर्मिती मंदावते. उतारवयात हा बंदोबस्त ढिला पडतो, आणि दिवसभर पायांत उतरलेले पाणीही अंथरुणाला पाठ टेकताच रक्तात परतून मूत्रपिंडांकडे जाऊ लागते, म्हणून रात्री लघवीला उठावे लागते. गाढ झोपेचा मोठा हिस्सा रात्रीच्या पूर्वार्धात असल्यामुळे नेमकी तीच मोडते, आणि परत येऊन आडवे झाल्यावर पुन्हा उठावे लागेल की काय या धास्तीने डोळा लागत नाही. अंधारात घाईने जाताना पाय घसरून खुब्याचे हाड मोडल्याची उदाहरणेही थोडी नाहीत. सकाळी अंग जड, चित्त अस्थिर, वृत्ती चिडखोर. वास येत असेल या शंकेने माणसांत मिसळणे सुटते, आणि अशा स्त्रियांत विषण्णता अधिक आढळते असा वैद्यकीय पाहण्यांचा वारंवार निष्कर्ष आहे. हे दुःख शरीराइतकेच अब्रूचे आहे, म्हणूनच ते मनाला अधिक पोखरते.

यावर स्त्रिया स्वतःच योजतात तो इलाज, पाणी तोडण्याचा, मला सर्वांत घातक वाटतो. मूत्र दाट होऊन मूत्राशयाला अधिकच चुणचुण लागते, मलावरोध होतो, आणि त्याचा दाब पुन्हा मूत्राशयावरच पडतो. पाणी दिवसा पुरेसे प्यावे. कमी करावयाचे ते संध्याकाळनंतर, आणि चहा तर विशेषेकरून.

आर्नोल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ साली पुरस्कारलेला स्नायूंचा व्यायाम आजही पहिला उपचार मानला जातो. वायू सरू नये म्हणून आवळावे तसे ते स्नायू आत ओढून सुमारे ५ सेकंद धरावेत, तितकाच वेळ सैल सोडावेत. असे १० वेळा, दिवसातून ३ खेपा, निदान ३ महिने नेमाने. पोट आवळू नये, श्वास कोंडू नये. अनावर भावनेचा त्रास असणाऱ्यांनी लघवीच्या दोन खेपांमधील अंतर थोडथोड्या मिनिटांनी वाढवीत न्यावे. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी घेत असल्यास तिची वेळ बदलता येईल काय, हे डॉक्टरांना विचारावे; झोपेची गोळी मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नये, कारण तिच्या गुंगीत पडण्याचा धोका वाढतो. जळजळ होत असेल किंवा लघवीत रक्त दिसले तर विलंब न लावता तपासणी करून घ्यावी.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी ३ दिवस किती प्यायले, केव्हा उठावे लागले, केव्हा कपडे ओले झाले याची साधी नोंद ठेवली तर निदानाला मोठे साहाय्य होते. आणि तोंडाने सांगणे ज्यांना जड जाते त्यांनी तो कागदच पुढे करावा.