दाढेतल्या चांदीचा पारा

दाढ किडली की ‘चांदी भरून घे’ असं घरोघरी सांगितलं जायचं. त्या चांदीत, म्हणजे अमाल्गम या मिश्रधातूत, निम्मा पारा असतो, हे आ वासून खुर्चीत बसलेल्याला सहसा कोणी सांगत नसे. दंतवैद्यांमधलं भांडण मात्र जुनं. १८४० च्या दशकात अमेरिकेतल्या त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने सभासदांकडून अमाल्गम न वापरण्याचं वचनच घेतलं. पण माल स्वस्त आणि टिकाऊ. वचन राहिलं बाजूला, १८५६ मध्ये संघटनाच मोडली.

पुढे कितीतरी वर्षं पाऱ्याबद्दल शंका काढली की ठरलेलं उत्तर मिळे: मिश्रण घट्ट झालं की पारा हलत नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड श्टोक यांना प्रयोगशाळेतल्या पाऱ्याने ग्रासलं होतं. १९२६ मध्ये त्यांनी अमाल्गमवर बोट ठेवलं, थोडी खळबळ उडाली आणि विरली.

खरा धक्का १९८९ मध्ये कॅनडातल्या कॅल्गरीहून आला. एका मेंढीच्या दाढांत किरणोत्सारी पाऱ्याची बारा फिलिंग भरली. महिनाभरात तो पारा तिच्या मूत्रपिंडांत आणि यकृतात दिसला. मेंढी दिवसभर रवंथ करते, हा आक्षेप रास्तच होता. पुढच्याच वर्षी माकडावर प्रयोग झाला. तिथेही पारा अवयवांत सापडला.

वाट साधी आहे. चावताना, गरम चहा पिताना फिलिंगमधून थोडी वाफ सुटते. श्वासाबरोबर आत गेलेल्या या वाफेतला सुमारे ८० टक्के पारा रक्तात उतरतो. गिळलेला धातुरूप पारा जवळपास तसाच बाहेर पडतो. रक्तातला काही पारा मेंदूत शिरतो, तिथे त्याचं रूप पालटतं आणि परतीची वाट अवघड होते. सर्वाधिक साठा मूत्रपिंडांत होतो.

पण पारा पोहोचतो म्हणजे बाधतोच असं नाही, आणि अमाल्गमचे विरोधक घसरले ते इथेच. २००६ मध्ये न्यू इंग्लंड आणि लिस्बनमधल्या मुलांच्या चाचण्यांचे निष्कर्ष आले: लघवीत पारा जास्त, पण बुद्धी किंवा स्मरणशक्तीत फरक नाही.

तरीही अमाल्गमला उतरती कळा लागली ती मुख्यतः सांडपाण्यातून आणि चितेच्या धुरातून पसरणाऱ्या पाऱ्यामुळे. पाऱ्यावरच्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराने वापर घटवायला लावला. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून, मोजके अपवाद सोडून, तो बंदच केला.

तुमच्या दाढेत जुनी चांदी शाबूत असेल, तर घाबरून उकरून काढू नका. उकरताना वाफ उलट जास्तच सुटते.